मधल्या दिवशी उत्तर दे

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके महिने लावले, त्याची माफी आधी मागते आणि कारण मागाहून सांगते. वहिनीने फोनवर तुझा निरोप पोचवला होता, "चिमीला विचार, पेनातली शाई संपली असेल तर पाठवून देतो." शाई होती. लिहायला बसतही होते. एकदा तर चांगली तीन-चार पानं झाली होती. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं, पण सगळं मिळून पत्र खोटं वाटायला लागलं, म्हणून फाडलं. तू म्हणशील, हिचं नेहमीचं कीस काढणं. असेल. या वेळी पानांच्या एकाच बाजूला लिहिते आहे. डायलिसिसच्या मशीनची सुई लावलेला हात तुला हलवायचा नसतो आणि दुसऱ्या हाताने पान उलटताना मागच्या वेळी माझं पत्र खाली घसरलं, नर्सने उचलून देता देता त्यातलं माझं एक वाक्य मोठ्याने वाचलं, हे वहिनीने सांगितलं आहे. कोणतं वाक्य ते मात्र तिने सांगितलं नाही. मी अजून त्याचा विचार करते आहे.

आई बरी आहे, गुडघे सोडून. दुपारी खिडकीशी बसते आणि समोरच्या इमारतीत कोण किती वाजता घरी आलं याचा हिशेब मला संध्याकाळी देते. जेवताना आपल्या ताटातलं अर्धं माझ्या ताटात सरकवण्याची तिची सवय गेलेली नाही. "एवढंसं खाऊन दिवसभर उभी कशी राहशील" म्हणते. तिच्या मते मी जाड नाहीच, आपल्या घराण्यात हाडंच जड. मग दादा काय कपडे वाळत घालायची काठी आहे का, असं विचारलं तर म्हणते, "तो बापावर गेला." पाहुण्यांसमोर अजून मला चिमणी म्हणून हाक मारते. मी बाहेर आले की पाहुणे आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे, चिमणी कुठे आहे ते बघायला.

ऑफिसचं चालू आहे. वजनमापं तपासणाऱ्या बाईने स्वतः एवढं असावं याची गंमत बाजारात अजून शिळी होत नाही. परवा एका किराणा दुकानदाराने मला बघून काट्यावरचं पोतं उतरवलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जरा लांब उभ्या राहा, काटा घाबरतो." मी हसले, गाडीचा ड्रायव्हर हसला. मग तपासलं तर त्याचा काटा खरंच कमी भरत होता, म्हणून नापास केला. दुकानाबाहेर आले आणि शंका आली की मी चिडून तर नाही ना नापास केला. परत आत गेले, पेटीतली प्रमाण वजनं पुन्हा काढली, चिमट्याने एकेक ठेवून सगळं पहिल्यापासून तपासलं. नापासच होता. दुकानदार म्हणाला, "एकदा नापास करून पोट भरलं नाही वाटतं." ड्रायव्हर परतताना काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

आता ज्यासाठी बसले ते. दादा, मी वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेणार आहे. तुला धक्का बसेल, कारण पूर्वी हा विषय निघाला तेव्हा मीच सगळ्यांना गप्प केलं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांना मी सांगितलं होतं की मला खाणं आवरता येत नाही हे मी भूल घेऊन कबूल करणार नाही, करायचं तर शुद्धीवर राहून करीन. वाक्य मला फार आवडलं होतं. डायरीतही लिहून ठेवलं होतं. त्यानंतर जे जे केलं ते तुला माहीत आहे. उकडलेल्या भाज्यांचं वर्ष, सकाळी चालायचं वर्ष, फक्त अंडी आणि काकडीचा तो महिना, ज्यात मी आईशी भांडले आणि तूही फोन घ्यायचा बंद केलास. दर वेळी वजन उतरलं आणि दर वेळी परत आलं, येताना सोबत थोडं आणखी घेऊन. आता मी दमले आहे. जिना चढून दमणं वेगळं, ते पायरीवर उभं राहिलं की जातं. हे कुठेही गेलं तरी आधी खुर्चीला हात आहेत का ते बघण्याचं दमणं आहे. झोपताना नाकावर श्वासाच्या मशीनचा मास्क चढवण्याचं, उशांचा ढीग करून अर्धं बसून झोपण्याचं, आणि तरीही घशाशी आंबट पाणी येऊन उठण्याचं.

सर्जनबाई माझ्याच वयाच्या असतील. बोलणं तुटक, पण हात मऊ. त्यांच्या टेबलावर रबराचं जठर आहे, चेंडूसारखं हातात घेऊन त्या समजावतात. आधी मी फुग्याबद्दल विचारलं. तोंडावाटे पोटात फुगा सोडतात, काही महिने तो जागा अडवून बसतो, मग काढून टाकतात. कापाकापी नाही म्हणून मला तो आवडला होता. त्या म्हणाल्या, "फुगा आहे तोवर ठीक. तो काढल्यावर तुम्ही पुन्हा तुम्हीच." एवढ्या शब्दांत माझ्या सगळ्या डाएटचा इतिहास आला. राहिल्या दोन शस्त्रक्रिया, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून कायमचा काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करतात आणि आतडं वळवून तिला जोडतात, म्हणजे अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा पहिला भाग चुकवून पुढे जातं. भूक दोन्हींत कमी होते. बायपासनंतर गोड जास्त झालं तर घाम फुटतो, छातीत धडधडतं, आणि लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. माझ्या घशातून दुर्बीण घालून त्यांनी बघितलं होतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आंबट पाण्याने जखमा झाल्या आहेत. त्यामुळे त्यांनी वेळ घालवला नाही. "तुम्हाला बायपास," म्हणाल्या. "स्लीव्हच्या नळीत दाब वाढतो, तुमचं हे आंबट पाणी वाढू शकतं. बायपासने ते बहुतेक थांबेल. तुम्ही कितीतरी वर्षांत आडवं झोपला नसाल ना? झोपाल."

आडवं झोपायचं म्हटल्यावर मला रडू यायला लागलं, दादा. आणि त्याच श्वासात मी म्हणाले, मला स्लीव्ह करायची आहे. त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हणाले, आतडी वळवायची भीती वाटते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रबराचं जठर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, विचार करून या.

आतडी वळवायची मला भीती वाटत नाही. इथून पुढे लिहायला जड जातं आहे, म्हणून जसं घडलं तसंच लिहिते. मागच्या वेळी इस्पितळात तुझ्याकडे आले होते, तू मशीनवर होतास आणि वहिनी तुझ्या पायांवरची चादर सारखी करत होती. तुला घोटभर पाणी हवं होतं आणि ती म्हणाली, "आजचं तुमचं संपलं." तू हसून मला म्हणालास, "बघ, आता ही मला पाण्याजवळ जाऊ देत नाही." जन्मभर तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभा राहिलेला तू, गावातल्या निम्म्या पोरांना पाण्यावर तरंगायला शिकवलेला. मलाही तूच शिकवलंस, हनुवटीखाली दोन बोटं धरून. पाण्यात मला वजन नव्हतं. मी कॅन्टीनमध्ये जाऊन येते म्हणून उठले आणि खालच्या मजल्यावर किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. तुला किडनी कोणी द्यायची हा विषय तू घरात बंद करून टाकला होतास. वहिनीला तिच्या साखरेमुळे नाकारल्यावर तू सगळ्यांदेखत सांगितलंस की घरातल्या कुणाचं काही काढून मला लावायचं नाही, जे मशीन देतं त्यात भागवू. मी त्या दिवशी काही बोलले नव्हते. बोलले नाही म्हणजे मान्य केलं असं तू धरून चाललास.

रक्त जुळलं. बाकीच्या तपासण्याही जुळल्या, साखर नाही, रक्तदाब नाही, दोन्ही किडन्या चांगल्या. मग डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. त्यांच्या काट्याला आमच्या खात्याचा शिक्का होता, ते मी आधी बघितलं. ते भले गृहस्थ आहेत, चाचरत म्हणाले की एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी ते घेत नाहीत. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. पुढे उरलेल्या एकीला एवढं शरीर ओढायचं असतं. वजन उतरलं, वर्षभर उतरलेलं राहिलं, तर पुन्हा या. मी शस्त्रक्रियेचं विचारलं तेव्हा म्हणाले, "करणार असाल तर बायपास नको. बायपासनंतर मुतखडे होण्याची शक्यता वाढते. दोन किडन्या असलेल्याने ते निभावता येतं. एक देऊन बसलेल्या माणसाला आम्ही ती जोखीम देत नाही." म्हणजे माझ्या घशाला एक शस्त्रक्रिया हवी आहे आणि तुझ्या कामाला दुसरी. हे दोन डॉक्टर दोन वेगळ्या इस्पितळांत बसतात, एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं, आणि मी ते ठाऊक होऊ दिलं नाही. पत्र फाडलं ते याच दिवसांत.

यात मी फार उदात्त आहे असं तुला वाटू नये, म्हणून आणखी एक सांगते. सर्जनबाईंच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर फोटो आहेत, लोकांचे आधीचे आणि नंतरचे. माझा नंबर यायला वेळ होता. मी ते फोटो एकेक करून बघितले, परत पहिल्यापासून बघितले, आणि तेवढा वेळ तू माझ्या डोक्यात नव्हतास. एका बाईने नंतरच्या फोटोत लाल कोट घातला होता आणि पट्टा कमरेला बांधला होता. मला तसा कोट हवा होता. तेव्हा प्रश्न असा की मी तुझ्यासाठी बारीक व्हायला निघाले आहे, की बारीक व्हायला निघाले आहे आणि लाज झाकायला तुला पुढे केलं आहे? भावासाठी केलं म्हटलं की कुणी बोलायला धजणार नाही, मी स्वतःसुद्धा. डायरीत यावर पानंच्या पानं लिहिली. एके दिवशी वाटायचं कारण कुठलंही असो, किडनीला त्याचं काय. दुसऱ्या दिवशी वाटायचं, तुला आयुष्यभर अंगात वागवायची गोष्ट निदान स्वच्छ कारणाने तरी मिळावी. उत्तर सापडलं नाही. बहुतेक दोन्ही खरं आहे, आणि कोणतं किती टक्के हे मोजायचं साधन माझ्या पेटीत नाही.

सुटका झाली ती कामावर. सोनाराकडे गेले होते. त्याच्याकडे अजून दोन पारड्यांचा जुना काटा आहे, काचेच्या कपाटातला, आणि दर तपासणीला तो मला तोच टोमणा मारतो की या काट्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. असा काटा तपासताना दोन्ही पारडी समान दिसली म्हणून शिक्का मारत नाहीत. दांडीची एक बाजू केसभर लांब असली, तर खोटा काटाही सरळ दिसतो. म्हणून अदलाबदल करायची. डावीकडचं वजन उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. तरीही काटा मध्येच राहिला तर खरा. नोकरी लागल्यापासून मी हे करते आहे, विचार न करता. त्या दिवशी पारडी बदलता बदलता मनात आलं, की मशीनवर मी असते आणि माझ्या जागी तू असतास. तू मला न सांगता तपासण्या करून घेतल्या असत्यास, डॉक्टरांनी तुझ्या तब्येतीसाठी जे सांगितलं ते डावलून दुसरंच काही कापून घेतलं असतंस, आणि वर्षभराने हसत येऊन म्हणाला असतास, चल, मी तयार आहे. मी तुला घरात घेतलं नसतं. तुझी किडनी घेतली असती की नाही ठाऊक नाही, पण तुझ्याशी बोलले नसते. सोनार म्हणाला, "काय झालं, काटा चुकला का?" मी म्हणाले, नाही, तुमचा बरोबर आहे.

मंगळवारी सर्जनबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या आधी बराच वेळ माझी फाईल चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, स्लीव्ह करता येईल. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला जे भोक सैल झालं आहे ते त्याच वेळी शिवून घेतील, म्हणजे आंबट पाणी थोडं तरी आवरेल. आवरलं नाही तर एरवी त्यांनी पुढे स्लीव्हची बायपास करून दिली असती, पण तोवर माझ्याकडे एकच किडनी असेल, तेव्हा तो रस्ता बंद. मग जळजळ आणि गोळ्या आणि उशांचा ढीग, जन्मभर. "आणि वर्षभरानंतर ते तुम्हाला घेतीलच, असं कुणी लिहून दिलंय?" मी म्हणाले, कुणीच नाही. "ज्यांना द्यायचीय त्यांना विचारलंत?" मी म्हणाले, तो नको म्हणेल. त्यावर त्यांनी फाईल बंद केली आणि म्हणाल्या, "मग त्यांना नको म्हणायची संधी तरी द्या. ते झाल्याशिवाय मी तारीख देत नाही. तुमच्या एकटीच्या पोटाचा प्रश्न असता तर तुमचं ऐकलं असतं."

तर दादा, हे पत्र त्या संधीसाठी आहे. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे, स्लीव्ह. आडवं न झोपण्याची मला सवय आहे, तुझ्याशिवाय राहण्याची नाही, आणि तीही करून घ्यावी लागू नये म्हणून जे हातात आहे ते करावं असं वाटतं. तू नको म्हणालास तर मी बायपास करून घेईन, आडवी झोपेन, लाल कोट घेईन आणि तुझ्यावर रागावणार नाही. तसा प्रयत्न करीन, एवढंच वचन देते, कारण खोटं वचन तुला चालत नाही. हो म्हणालास तर माझ्या घशाचं ओझं तू वाहायचं नाहीस, ते मी समजून-उमजून घेतलेलं असेल. पत्र मी मुद्दाम सविस्तर लिहिलं, म्हणजे नंतर तुला असं वाटू नये की मला कळलं नव्हतं. फक्त एक मागते. डायलिसिसच्या दिवशी उत्तर देऊ नकोस. त्या दिवशी तू घरी येतोस, पडदे ओढतोस आणि सगळ्यालाच नको म्हणतोस, जेवणालाही आणि वहिनीलाही. मधल्या दिवशी दे, सकाळी, जेव्हा तू अजून काठावर उभं राहून पोरांवर ओरडायला जाऊ शकतोस असं तुला वाटतं. तेव्हाही नकोच निघालं, तर ते मी खरं धरीन.

तुझीच,
चिमी

ता. क. उद्याचं काम: आईला हे सगळं सांगणे.